उलटं मिटलेलं पान

सूर्यनारायणरावांचं नाव ठेवताना त्यांच्या आईवडिलांनी पुढचा विचार केला नव्हता. या नावाचा माणूस संध्याकाळी मावळणार, इथवर ठीक होतं. पण हे सूर्यनारायण एकोणीसशे साठ साल उजाडता उजाडता दुपारच्या जेवणानंतरच मावळायला लागले. ही कोटी त्यांची स्वतःची. स्वतःची टिंगल करण्यात तंजावरात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि दुसऱ्या कुणी करायच्या आत आपणच ती करून मोकळं व्हावं हा त्यांचा जुना शिरस्ता होता. टक्कल पडायला लागलं तेव्हा बहिर्गोल आरशाचा धडा त्यांनी स्वतःचं डोकं पुढे करून शिकवला होता.

गावातल्या एका हायस्कुलात ते सायन्स शिकवत. घरात मराठी, शाळेत तमिळ आणि पुस्तकात इंग्रजी, म्हणजे तीन भाषांत चुका करायची उत्तम सोय झाली, असं ते म्हणत. पश्चिम राजवीथीच्या मागच्या गल्लीत त्यांचं बेताचं घर. घरात ते, बायको गंगाबाई आणि एकुलती एक मुलगी कनकलता. त्यांची मराठी पिढ्यान्पिढ्या कावेरीच्या पाण्यावर वाढलेली, ‘लवकर’ला लोकर आणि ‘सगळ्या’ला अस्कं म्हणणारी; पुण्याकडचा कुणी पाहुणा आलाच तर त्याला ती निम्मी कळायची आणि उरलेली निम्मी तो हसून साजरी करायचा.

या माणसाला आयुष्यात एकाच गोष्टीचा खराखुरा गर्व होता. ती म्हणजे त्यांनी स्वतःच्या हातानं बनवलेली घंटीची फळी. लाकडी फळीच्या एका टोकाला बटण, दुसऱ्या टोकाला विजेची घंटी आणि मध्ये वळणं घेत गेलेली तांब्याची तार. बटणाखाली ‘मेंदू’ लिहिलेलं, घंटीखाली ‘स्नायू’ आणि तारेखाली ‘मज्जातंतू’. बटण दाबलं की घंटी खणखणायची आणि शेवटच्या बाकावरची पोरं जागी व्हायची. “मेंदू म्हणजे तारमास्तर,” ते दरवर्षी सांगत. “त्यानं इथं टिकटिक केली की तिथं स्नायू हलतो. तार अखंड पाहिजे. मध्ये खंड पडला की माणूस संपला!” जिल्ह्याच्या प्रदर्शनात या फळीला एक पितळी पेला बक्षीस मिळाला होता. गंगाबाई त्यात चमचे ठेवत.

तर आधी गेली डावी पापणी. दुपारच्या तासाला शिकवता शिकवता ती अर्ध्यावर यायची आणि तिथंच राहायची. थोड्या दिवसांनी उजवी तिच्या सोबतीला आली. शाळेच्या आवारात विलायती शिरीषाचं एक भलंमोठं झाड होतं. दिवस कलला की त्याची पानं मिटतात, म्हणून तमिळमध्ये त्याला तूंगुमूंजी म्हणतात, झोपाळू तोंडाचं. पोरांनी ते नाव उचलून मास्तरांना दिलं. मास्तरांच्या कानावर ते आलं, तेव्हा त्यांनी वनस्पतींच्या हालचालींचा धडा घेताना फळ्यावर त्या झाडाचं नाव लिहिलं आणि शेजारी ‘दुसरं उदाहरण’ म्हणून स्वतःचं. वर्ग खो खो हसला आणि नाव कायमचं चिकटलं.

मग जबडा दमायला लागला. सकाळी कडाकडा मुरुक्के, म्हणजे तिकडच्या चकल्या, फोडणारा हा गृहस्थ संध्याकाळी साधी इडली चावताना हनुवटीला हाताचा टेकू देऊन थांबायचा. शेवटच्या तासाला आवाज नाकातून यायचा. धोतराचा कासोटा खोचायला हात मागे न्यायचा म्हटलं तर हात अर्ध्या वाटेतून परत यायचा. आणि गंमत अशी की रात्रीची झोप झाली की सकाळी सगळं जागच्या जागी! आजारी माणसानं निदान आजारी दिसायला तरी हवं. सूर्यनारायणरावांचा आजार एवढा साधा नियमही पाळत नव्हता.

“ऐकलांत काय, डाक्टराला दाखवा की लोकर,” गंगाबाई म्हणायच्या.

“त्याला काय दाखवूं? माझी फळी मला ठाऊक नाही होय?” हे म्हणायचे. “तार बेस आहे. बॅटरी उतरली, एवढंच.”

आणि बॅटरी भरायला ते शनिवारी तेल लावून न्हायचे, बदाम खायचे, दुधात हॉर्लिक्स घालून प्यायचे. खरी गोष्ट वेगळी होती. त्यांना भयंकर भीती वाटत होती. आधी एका बाजूची पापणी पडली म्हणजे मेंदूत काहीतरी वाढलंय, असं त्यांनी आपल्याशी ठरवून टाकलं होतं, आणि ठरवलेलं दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची त्यांची छाती नव्हती. म्हणून ते पूर्वीपेक्षाही जास्त विनोद करत होते.

अशातच कनकलतेचं ठरायला आलं. तंजावरच्या मराठी घरांत स्थळं ती किती असणार! जो तो कुणाचा ना कुणाचा मामेभाऊ निघतो. त्यात पापनाशमच्या रघुपतीरावांचा मुलगा कृष्णाजी तिरुच्चीला रेल्वेत होता. एका लग्नात कनकलता पंगतीत रसम वाढत असताना त्यानं ते इतक्या वेळा मागून घेतलं की शेजारचा माणूस म्हणाला, अहो, अंघोळ करतांय काय? कनकलता त्या दिवसापासून रसम हा शब्द उच्चारताना इकडेतिकडे बघायची. आईला तिनं सांगून टाकलं होतं की केलं तर हेंच, नाहीतर मला घाई नाही. रघुपतीराव शेतीवाडीवाले, माणूस मऊ. खरा कारभार त्यांच्या बायकोचा, चंद्रमतीबाईंचा. त्या रीतीभातीच्या कडक. त्यांच्या घरी तुळशीला पाणी घालतानाही चुकायची सोय नव्हती.

निश्चयाची, म्हणजे साखरपुड्याची, बैठक पापनाशमला मुलाच्या घरी ठरली. राहुकाळ टळावा म्हणून सगळंच संध्याकाळवर गेलं. आधी जेवण, मग तांबूल द्यायचं-घ्यायचं, असं ठरलं. सूर्यनारायणराव सकाळपासून उभे. गाडीत उभे, स्टेशनावर उभे, मांडवात पाहुण्यांना हात जोडून उभे. पंगतीला बसले तेव्हा त्यांच्यातला सूर्य केव्हाच डोंगराआड गेला होता.

पहिला घोटाळा तुपाच्या वेळी झाला. चंद्रमतीबाई स्वतः तूप वाढत आल्या. सूर्यनारायणरावांनी मान वर करून बघितलं आणि डावी पापणी घसरली. त्यांनी नेट लावून ती उघडली. ती पुन्हा पडली. पुन्हा उघडली, पुन्हा पडली. समोर वाटी हातात धरून विहीणबाई, आणि खाली हे पन्नाशी उलटलेले मास्तर त्यांच्याकडे बघून एकच डोळा मिचकावताहेत! बाईंनी तूप वाढलं ते पानावर कमी आणि जमिनीवर जास्त.

दुसरा घोटाळा आवाजाचा. “पुरे, अस्कं बेस झालं,” असं त्यांना म्हणायचं होतं. ते नाकातून, ओल्या कापडातून गाळल्यासारखं बाहेर आलं. शेजारच्या माणसानं हळूच वास घेतला. मद्रास राज्यात दारूबंदी होती, त्यामुळे नाकं फार तल्लख झाली होती.

पण खरा घात केला पानानं. तंजावरकडे केळीच्या पानावर जेवण झालं की पान मिटायची रीत आहे. पलीकडची बाजू आपल्याकडे ओढून मिटली तर अर्थ असा, की तृप्त झालो, हा संबंध टिकावा. आपल्याकडची बाजू पलीकडे लोटून मिटतात ती तेराव्याच्या जेवणाला. असा प्रसंग या घरात परत न येवो, म्हणून. लहान पोरांनाही हे शिकवावं लागत नाही, बघून बघून येतं. सूर्यनारायणरावांनी पानाच्या पलीकडच्या कडेकडे हात नेला. हात पायसमापर्यंत गेला आणि तिथं बसला. त्यांनी पुन्हा उचलला, पुन्हा तो बसला. पंगत उठायच्या बेतात. सगळे त्यांच्यासाठी थांबलेले. घाईघाईत त्यांनी जवळची कड बोटांनी ढकलली. पान लाटेसारखं पलीकडे गेलं आणि मिटलं.

निश्चयाच्या पंगतीत तेराव्याचं पान!  चंद्रमतीबाई दारातून आत गेल्या त्या बाहेर आल्या नाहीत. तांबुलाचं ताट जिथल्या तिथं राहिलं. रघुपतीराव हात धुवायला पाणी देताना जमिनीकडे बघत म्हणाले, “आज राहूं द्या. मागून सांगून पाठवूं.”

परतीच्या गाडीत सूर्यनारायणरावांनी विनोद करून बघितला. म्हणाले, “चला, एक तरी काम झालं. माझ्या तेराव्याची तालीम झाली.” गंगाबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. कनकलता साडीच्या निरीची घडी घालत आणि मोडत होती. त्यांचा विनोद घरातल्या कुणीही न हसता वाया गेला, असं पहिल्यांदाच घडलं.

निरोप काही आला नाही, बातमी आली. मास्तर पितात, असं पापनाशमला बोलतात. शिकलेला माणूस, मुलीच्या निश्चयाला पिऊन आला, विहिणीला डोळा मारला आणि पान उलटं मिटून गेला.

कनकलता त्या संध्याकाळी पडवीत त्यांच्यासमोर येऊन बसली. “अण्णा, एक विचारूं?”

“विचार की.”

“तुम्ही पितां काय?”

त्यांच्या जिभेवर नेहमीप्रमाणे काहीतरी यायला हवं होतं. पितों, हॉर्लिक्स, असं काहीतरी. काही आलं नाही. मुलीच्या डोळ्यांत राग नव्हता, तिला खरोखरच माहीत करून घ्यायचं होतं, आणि तेच त्यांना सोसवेना. “नाही ग,” ते म्हणाले.

“मग डोळे कां तसे होतात?”

“ठाऊक नाही मला, कनका.”

सायन्सच्या मास्तरांच्या तोंडून हे वाक्य तिनं आजवर ऐकलं नव्हतं. ती आणखी जवळ सरकली. मग म्हणाली, “तें स्थळ गेलं तर जाऊं दे. मी रडेन चार दिवस. पण तुम्हांला काय होतंय तें मला कळलं पाहिजे. उद्या डाक्टराकडे चला.”

ते गेले. मोठ्या इस्पितळात डॉक्टर वैद्यनाथ म्हणून एक तरुण डॉक्टर मद्रासहून शिकून आले होते. त्यांनी सूर्यनारायणरावांना छताकडे टक लावून बघायला सांगितलं. थोड्याच वेळात दोन्ही पापण्या दुकानाच्या फळ्यांसारख्या खाली आल्या. मोठ्यानं आकडे म्हणायला सांगितले. आवाज खणखणीत निघाला आणि हळूहळू नाकात शिरला. डॉक्टरांचे डोळे चमकले. त्यांनी दंडात एक सुई टोचली आणि बसून राहायला सांगितलं.

गंगाबाई समोरच्या बाकावर बसल्या होत्या. कनकलता भिंतीला टेकून उभी होती. सूर्यनारायणराव मनातल्या मनात मेंदूतल्या त्या गाठीशी शेवटचं बोलून घेत होते. आणि बघता बघता उजेड वाढला. आधी त्यांना वाटलं, कुणी खिडकी उघडली. मग भिंतीवरचं कॅलेंडर स्पष्ट दिसलं. ते गेल्या महिन्याचं होतं. मग गंगाबाई दिसल्या. तिन्हीसांजेला आपण बायकोकडे धड पाहिल्याला किती काळ लोटला, हे त्यांना तेव्हा कळलं. तिचे केस कानांवर चांगलेच पिकले होते, आणि ती तोंडाला पदर लावून रडत होती.

“अहो, डोळे,” ती म्हणाली. “डोळे उघडले की तुमचे!”

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, मायस्थेनिया. मेंदूत गाठ नाही, काही नाही. सूर्यनारायणरावांना इतकं बरं वाटलं की ते लगेच वाद घालायला लागले. हा सगळा वाद तमिळमध्ये झाला.

“म्हणजे माझी तार शाबूत आहे?”

“अगदी शाबूत.”

“मग घंटी का वाजत नाही?”

“कारण तार घंटीपर्यंत जातच नाही,” डॉक्टर म्हणाले. “तुमचीच नाही, कुणाचीच नाही. तंतू स्नायूच्या अगदी जवळ जातो आणि थांबतो. मध्ये फट असते, साध्या सूक्ष्मदर्शकात दिसणार नाही इतकी बारीक. विजेचा निरोप टोकाला पोचला की तिथं साठवलेलं एक रसायन त्या फटीत सांडतं, पलीकडे जाऊन स्नायूला लागतं आणि मग स्नायू हलतो. मेंदूतसुद्धा एक पेशी दुसरीशी बोलते ती बहुतेक ठिकाणी अशीच, मध्ये फट ठेवून, रसायन पलीकडे पाठवून.”

“म्हणजे खंड आहे?”

“जागोजागी.”

सूर्यनारायणरावांना फळी आठवली. तार अखंड पाहिजे, खंड पडला की माणूस संपला. किती पोरांनी हे पाठ करून परीक्षेत लिहिलं होतं, आणि त्यांनी लाल पेन्सिलीनं त्याला पैकीच्या पैकी मार्क दिले होते! “आणि ते रसायन तिथंच साचून राहिलं तर?” त्यांनी खालच्या आवाजात विचारलं.

“राहत नाही. दुसरं एक द्रव्य तिथं टपून असतं, ते त्याला लगेच मोडून टाकतं. नाहीतर पुढच्या निरोपाला जागा कशी होणार? तुमच्या बाबतीत निरोप आधीच अपुरा लागतो आणि मोडणारा मात्र आपलं काम चोख करतो. आता टोचलं ते औषध त्या मोडणाऱ्याला थोडा वेळ अडवून धरतं. तेवढ्यात आहे ते रसायन कामी येतं.” मग डॉक्टरांनी आवाज गंभीर केला. हा आजार जात नाही, सांभाळावा लागतो. गोळ्या वेळेवर घ्यायच्या, वाढवायच्या नाहीत. जास्त झाल्या तर पोट बिघडतं आणि ताकद उलट आणखी जाते. दमलं की विसावा घ्यायचा. घास गिळायला किंवा श्वास घ्यायला जड गेलं तर त्याच पावली इस्पितळात यायचं.

घरी यायला त्यांनी जटका केला. घोड्याच्या टापांवर मान हलवत राहिले. मग एकदम म्हणाले, “पंगत!”

“काय?” गंगाबाई दचकल्या.

“तार नव्हे ग, पंगत. वाढणारा येतो, पानावर वाढतो, जेवणारा जेवतो. मागून उष्टी काढणारा टोपली घेऊन येतो. माझ्या पंगतीत काय होतं, घास तोंडात जायच्या आत हा पान ओढून नेतो. औषध त्याचा हात धरतं. थांब बाबा म्हणतं, म्हातारा अजून जेवतोय.”

“अस्क्या इस्पितळाला आजार दिसला, तुम्हांला जेवणच सुचलं,” गंगाबाई म्हणाल्या. पण कनकलता हसली, पापनाशमहून परतल्यापासून पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी वर्गात त्यांनी फळी काढली आणि पोरांच्या देखत पक्कडीनं तार मधोमध तोडली. म्हणाले, आजवर मी शिकवलं ते इथवर खरं, बटणापासून इथवर. पुढचं मला काल माझ्या पापण्यांनी शिकवलं. त्यांनी बटण दाबलं. घंटी अर्थातच वाजली नाही. एका पोरानं विचारलं, सार, मग बक्षीस परत द्यावं लागेल काय? त्यांनी उत्तर दिलं की पेल्यात चमचे आहेत, तो रिकामा करायला बाईसाहेबांची परवानगी लागेल.

पापनाशमला मात्र ते एकटे गेले, आणि तिथं विनोद करायचा नाही असं स्वतःला बजावून गेले. रघुपतीरावांनी बसायला पाट दिला. चंद्रमतीबाई स्वैपाकघराच्या दारात अर्ध्या आत, अर्ध्या बाहेर उभ्या राहिल्या. सूर्यनारायणरावांनी डॉक्टरांचं सगळं सांगितलं, मग पंगतीचं सांगितलं. शब्द अडले तिथं हातांनी वाढून दाखवलं, हातांनी पान ओढून दाखवलं. मुलीच्या जन्माचा प्रश्न आणि आपण इथं हवेत भात वाढतोय, हे त्यांच्या मनात येऊन गेलं. पण थांबले नाहीत.

रघुपतीराव “हो काय, हो काय” म्हणत राहिले. बराच वेळ झाल्यावर दारातून प्रश्न आला. “मग वाढणारा कमी वाढतो, काय पानालाच भोक आहे?”

सूर्यनारायणराव चमकले. “तें डाक्टरांनाही ठाऊक नाही. त्यांच्यांत अजून भांडण चाललंय.”

“आणि तो डोळा?”

झालं. विनोद न करण्याचा निश्चय इथवरच टिकला. “विहीणबाई,” ते हात जोडून म्हणाले, “डोळा मारायचा म्हणजे आधी उघडा पाहिजे, मग मिटायचा. माझा उघडतच नव्हता. तुम्ही पाहिलांत तो माझा उघडायचा प्रयत्न.”

दाराआड काहीतरी खुसखुसलं. पण बाई बाहेर आल्या तेव्हा चेहरा कडकच होता. “तुम्ही म्हणतां तें खरं असेल. माझा विश्वास बसला. पण पान मी एकटीनं पाहिलं नाही, अस्क्या गणगोतानं पाहिलं. अपशकुन झाला म्हणून मुलीला जन्मभर बोलतील. लग्नाच्या पंगतीत त्याच अस्क्यांच्या समोर तुमचं पान नीट मिटलं पाहिजे. तेवढं कराल?”

“करीन,” सूर्यनारायणराव म्हणाले. असलं वचन आपण कशाच्या भरवशावर देतोय, ते त्यांना ठाऊक नव्हतं.

लग्न तंजावरात झालं. सूर्यनारायणरावांनी गोळीची वेळ नीट ठरवली होती. पंगत बसायच्या थोडं आधी घ्यायची, म्हणजे पायसमापर्यंत हात हुकमी चालेल. त्यांनी ती घेतली, आणि तेवढ्यात मुलाकडच्या एका म्हाताऱ्या आत्याबाईंची मोटार वाटेत बंद पडल्याचं कळलं. आत्याबाई आल्याशिवाय मानाची पंगत कशी बसणार? सूर्यनारायणरावांच्या पापण्या टकटकीत उघड्या, हात शिवशिवताहेत, पोटातून नादस्वराला साथ दिल्यासारखी गुरगुर चाललेली, आणि पंगत नाही. औषध रिकाम्या मांडवात वाया चाललं होतं. आत्याबाई आल्या, सगळ्यांना नमस्कार करवून घेतला, मग पानं मांडली. तोवर मास्तरांची डावी पापणी खाली यायला लागली होती. आणखी गोळी घ्यावी, असं फार वाटलं. डॉक्टरांचं बोलणं आठवून त्यांनी डबी कनवटीला परत खोचली.

ते जेवले ते भात मऊ कालवून, थोडंथोडं. आंबट भाजी झाली, पोळी नुसती कुस्करली. जबडा थांबला तेव्हा त्यांनी हनुवटीला हात लावला नाही, लोक बघत होते. खरंच बघत होते. पापनाशमची सगळी ओळ समोर बसली होती आणि दर घासाला एकेक नजर मास्तरांच्या पानावरून फिरून जात होती. वरच्या बाजूला नव्या साडीत कनकलता कृष्णाजीशेजारी बसली होती. तिच्या पानावरचं सगळं तसंच होतं.

पायसम झालं, ताक झालं. पंगतीत पानं मिटायला लागली, एकामागून एक, सगळी आपल्याकडे. लांबच्या टोकाकडून उष्टी काढणारे टोपल्या घेऊन निघाले. सूर्यनारायणरावांनी हात उचलला. हात ताकाच्या ओघळापर्यंत गेला आणि बसला. पुन्हा उचलला. पुन्हा बसला. जवळची कड बोटांना लागत होती. ती ढकलणं सोपं होतं. त्यांनी बोटं मागे घेतली. स्वतःवर काहीतरी बोलून वेळ काढावा असं मनात आलं, तर जीभही जड झालेली. टोपलीवाला शेजारच्या पानाशी आला. कनकलता जागेवरून अर्धी उठली.

“थांबा!”

चंद्रमतीबाईंचा आवाज. त्या वाढायच्या साडीत, पदर खोचून मधल्या वाटेत उभ्या होत्या. “त्या पानाला हात लावूं नका. कोणी उठायचं नाही.” टोपलीवाला वाकला होता तसाच राहिला. “सम्मंधींच्या पानावर वाढलेलं अजून पोचलं नाही. अरे, पायसम आणा! अस्क्यांना पुन्हा वाढा!”

“अहो, पानं मिटली आमची,” रघुपतीरावांच्या बाजूचं कुणीतरी म्हणालं.

“मिटलेलं उघडतां येतं,” बाई म्हणाल्या.

आत्याबाईंनी सगळ्यांत आधी पान उघडलं, त्यांना पायसम आवडायचं. मग बाकीच्यांना उघडावंच लागलं. पायसम फिरलं, कुणी हसलं, कुणी मोटारीची गोष्ट पुन्हा सांगायला लागलं. सूर्यनारायणराव दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिले. चंद्रमतीबाई त्यांच्या पानासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि टोपलीवाल्याचा हात धरून ठेवला. घाई करू नका, असं त्या म्हणाल्या नाहीत. त्या पानाकडे बघतही नव्हत्या. 

बऱ्याच वेळानं त्यांनी हात उचलला. तो भात ओलांडून गेला, ताक ओलांडून गेला, पलीकडच्या कडेला पोचला. त्यांनी ती धरली आणि हळूहळू आपल्याकडे ओढली. पान मिटलं.

चंद्रमतीबाईंनी टोपलीवाल्याचा हात सोडला. “आतां उचल,” त्या म्हणाल्या.